शेतातील कष्ट आणि तालमीतील मेहनत



शरीरास व्यायाम घडला असता मनही स्वस्थ राहते, हा विषय आम्ही खेड्यातील सभेत काढला म्हणजे एक उत्तर हटकून मिळते. कोणी वडील माणूस डोक्यावरील टोपी सारखी करीत म्हणतो, “पाळकसाहेब, आम्ही पहाटे उठून धार काढतो, वैरण आणतो, दिवसभर उसाच्या सरीत वाकतो, सांजच्याला पुन्हा जनावरांचे बघतो. आम्हांला आणखी व्यायाम कशाला पाहिजे? तो शहरात बसून खाणाऱ्यांनी करावा.” सभेतील लोक माना डोलावतात, आणि विषय तेथेच संपतो.

हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते अनुभवाचे आहे, व त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. श्रमानेच मन निरोगी राहत असते, तर सर्वांहून अधिक श्रम करणारा मनुष्य सर्वांहून अधिक आनंदी दिसावयास हवा होता. तसे आढळते काय? कर्जाने, पुराने किंवा पडलेल्या बाजारभावाने झोप उडालेले किती तरी शेतकरी आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्या हातांवरील घट्टे कोणाहून कमी नव्हते. सन 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. ते ओसरल्यावर शिरोळ व करवीर तालुक्यांतील जी माणसे उंबऱ्यावर नुसती बसून राहिलेली आम्ही पाहिली, ती आळशी माणसे नव्हती. त्यांनी जन्मभर कष्टच केले होते. यास्तव आजच्या पाठात त्या वडील माणसाच्या आक्षेपाचाच विचार करू.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहावे. शेतात मनुष्य राबतो, कष्ट उपसतो, हाडाची काडे करतो. तोच मनुष्य तालमीत गेला म्हणजे तो ‘मेहनत’ करतो. मेहनत हा शब्द इतर ठिकाणीही चालतो हे खरे. पण कोल्हापुराकडे “पोरगा मेहनत करतो” असे कोणी म्हटले, तर ऐकणारा समजतो की पोरगा जोर-बैठका काढीत आहे, कोणाच्या बांधावर मजुरी करीत नाही. घाम दोन्हीकडे सारखाच गळतो, छाती दोन्हीकडे सारखीच धापते. तरी आपल्या वाडवडिलांनी ह्या दोन गोष्टींस दोन नावे ठेविली.

अलीकडील शोधांवरून त्यांचे बरोबर होते असे दिसते. सन 2017 साली काही अभ्यासकांनी पूर्वी झालेल्या पुष्कळ पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून शरीरश्रमाचे प्रकार वेगवेगळे तपासले. फावल्या वेळी आपखुशीने केलेली हालचाल आणि मनाचे आरोग्य ही बरोबरीने चालतात असे त्यांस आढळले. पोटासाठी केलेल्या श्रमांच्या बाबतीत मात्र तसे दिसले नाही. उलट कामावर फार अंगमेहनत करणाऱ्यांत मनाचे त्रास काहीसे अधिक आढळले. येथे सावधपणे बोलावयास पाहिजे. कष्टानेच मन बिघडते असे ह्यावरून सिद्ध होत नाही. जो दिवसभर ओझी वाहतो त्याच्या घरी दारिद्र्य असते, काळजी असते, मालकाचा धाक असतो. मन पोखरणारे कारण तेही असेल. पण कष्टाने आपोआप मन सुधारते, हा समज मात्र ह्यावरून टिकत नाही.

तर मग तालमीत असे काय आहे, जे उसाच्या फडात नाही? ह्यासाठी लांब जावयास नको. कोल्हापूर हे तालमींचे गाव. राजर्षी शाहू महाराज 1894 साली गादीवर बसले, आणि 1922 साली त्यांचा अंत होईपर्यंत त्यांनी मल्लविद्येस जो आश्रय दिला त्याची साक्ष खासबागेचे मैदान आजही देत आहे. महाराजांनी 1902 साली युरोपचा प्रवास केला, तेव्हा रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले. त्यावरून त्यांस ही कल्पना सुचली असे सांगतात. मैदान 1912 साली पुरे झाले. मध्ये मातीचा हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे लांबच्या गरीब प्रेक्षकासही कुस्ती नीट दिसते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींची नावे तर जिल्ह्याबाहेरील मुलांच्याही तोंडी असतात.

अशा तालमीतील एक सकाळ कशी जाते, ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उजाडण्यापूर्वी मुले उठतात. प्रथम हौद्यातील तांबडी माती फावड्याने उकरून, उलथून मऊ करावयाची. ही माती नुसती माती नसते; तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस असे पदार्थ मिसळलेले असतात, जेणेकरून ती अंगास लागू नये व जखम चिघळू नये. मग जोर, बैठका, दोर चढणे. मग जोडीजोडीने लढत. वस्ताद कडेला उभे राहून पाहतात, कोणाचा पाय चुकला, कोणाची मान ढिली पडली ते सांगतात, आणि कोणी दमला असे दिसताच त्यास थांबवितात. अखेरीस मुले एकमेकांचे अंग रगडतात, माती झाडतात, स्नान करतात. नंतर दूध, बदामाची थंडाई, पोटभर जेवण, आणि दुपारची झोप. सायंकाळी पुन्हा तोच क्रम.

आता हे फडातील दिवसाशी ताडून पाहा. तालमीत मुलगा स्वतःच्या इच्छेने येतो. फडात मुकादम बोलावतो किंवा हप्ता बोलावतो. तालमीत श्रमानंतर विश्रांती ठरलेली आहे, कारण विश्रांतीवाचून अंग भरत नाही हे वस्तादास ठाऊक असते. शेतात काम संपल्यावर दुसरे काम उभे असते. आज शंभर जोर निघाले, महिन्याने दीडशे निघतील, अशी आपली वाढ मुलास मोजता येते; भांगललेल्या सरीत मात्र पंधरा दिवसांनी गवत पुन्हा उगवते. तालमीत सोबती असतात, थट्टा असते, नाव घेऊन हाक मारणारा कोणी असतो. कोल्हापुराच्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. म्हणजे तालीम ही केवळ अंग कमावण्याची जागा नव्हे, ते पेठेचे दुसरे घरच आहे. पुढे ह्याच तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले, आणि आज शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ह्या तालमींच्या नावाने हजारो लोक ओरडतात. फुटबॉलास तालमीचे नाव का, असे बाहेरगावचे लोक विचारतात. कोल्हापुरात ते कोणास विचारावेसे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तालमीत आहे, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तेथे रोज पडावयास मिळते. लहान मुलगा मोठ्याशी लढतो आणि पाठीवर आपटतो. उठतो, माती झाडतो, पुन्हा हात मिळवितो. पडणे ही तेथे लाज नव्हे, ती शिकवणीचीच रीत आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. सन 1948 च्या लंडन ऑलिंपिकात त्यांस सहावा क्रमांक मिळाला. मातीवर वाढलेल्या ह्या मल्लास तेथील गादीवरील कुस्तीची सवय नव्हती. ते परत आले आणि पुन्हा मेहनतीस लागले. सन 1952 साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले, व स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. ह्या कथेत पदकाचेच वर्णन सगळे करतात. आमची दृष्टी त्या मधल्या चार वर्षांवर जाते. पराभव घेऊन घरी आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जातो, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि ज्यास जावयास एक हौदा आहे, जेथे पूर्वीही तो शंभरदा पडून उठला आहे, त्याचे दुःख एकाकी राहत नाही.

आता शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहू. वैद्यकशास्त्रास ह्याचे सगळे धागे अद्याप उलगडलेले नाहीत, तरी काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. चालल्याने, पळाल्याने रक्ताचा ओघ वाढतो, तो मेंदूसही मिळतो. वेदना व उद्वेग शमविणारी काही द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते. रात्री झोप गाढ लागते, आणि झोप सुधारली म्हणजे दुसऱ्या दिवसाचे मन निम्मे सुधारले असे समजावे. सन 2011 साली अमेरिकेत 120 वृद्ध माणसांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांस वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालावयास लाविले, अर्ध्यांस नुसते अंग ताणण्याचे प्रकार दिले. वर्षाने पाहता, मेंदूचा जो भाग स्मरणाचे काम करतो तो चालणाऱ्यांत सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या गटात तो थोडा कमी झाला होता. वयोमानाने झिजणारी गोष्ट चालण्याने भरून यावी, हे ऐकून आमच्या मंडळीतील वडील माणसांनी काठी हातात घ्यावी.

भित्र्या मनास व्यायामाचा आणखी एक उपयोग होतो. ज्यांस वारंवार धास्ती वाटते, त्यांचे काळीज धडधडू लागले की त्यांस वाटते, आता प्राण जाणार. तोच मनुष्य रोज टेकडी चढू लागला तर त्याचे काळीज रोज धडधडते, आणि रोज शांतही होते. हळूहळू त्याच्या अंगास कळते की, धडधडणे म्हणजे मरणे नव्हे. हा धडा शब्दांनी शिकविता येत नाही, पायांनीच शिकावा लागतो.

खिन्नतेच्या आजारावर व्यायाम आणि औषध ह्यांची तुलनाही झालेली आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 1999 साली पन्नाशीपलीकडील 156 रुग्ण घेऊन त्यांचे तीन गट केले: एकास औषध, एकास आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकास दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसला, परंतु सोळा आठवड्यांच्या शेवटी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. ह्या प्रयोगात एक उणीव होती: व्यायाम सर्वांनी मिळून, शिक्षकाच्या देखरेखीखाली केला होता; तेव्हा गुण व्यायामाचा की सोबतीचा, हे कसे सांगावे? म्हणून त्याच मंडळींनी 2007 साली 202 रुग्णांवर दुसरा प्रयोग केला. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा 47 बरे झाले, गटात व्यायाम करणारे शेकडा 45, घरी एकटे व्यायाम करणारे शेकडा 40, आणि ज्यांस औषध म्हणून नुसती निर्गुण गोळी दिली होती ते शेकडा 31. वाचकांनी हे आकडे शांतपणे पाहावे. व्यायामाचा गुण खरा आहे, पण तो जादूचा नाही. गटात व्यायाम करणारे आणि एकटे करणारे ह्यांतही फरक फार मोठा नाही. आणि निर्गुण गोळी घेऊन बरे झालेलेही थोडे नाहीत. कोणी तरी आपली विचारपूस करीत आहे, एवढ्यानेही कित्येकांचे पुष्कळ होते.

येथवर पुरुषांचेच झाले. तालमीचे गुणगान करताना आमच्या लेखकवर्गास एक सवय आहे, ती ही की घरातील अर्धी माणसे ते विसरतात. उसाच्या पट्ट्यातील बाई पुरुषाआधी उठते आणि त्याच्यानंतर निजते. पाणी, शेण, धार, भाकरी, भांगलण, पुन्हा भाकरी. तिच्या कष्टास सुटी नाही, तिला वस्ताद नाही, आणि “मी जरा फिरून येते” असे म्हणण्याची तिला सोय नाही; तसे म्हटले तर घरातील पहिला प्रश्न “कशाला?” असा येतो. हल्ली मुरगूड, वडणगे अशा गावांतील मुली मातीत व गादीवर उतरल्या आहेत, आणि सन 2023 साली सांगलीस स्त्रियांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चाळिशीतील सुनेस किंवा साठीतील सासूस त्याचा काय उपयोग?

त्यांच्यासाठी आपल्या मुलखाने एक तालीम फार पूर्वीच बांधून ठेविली आहे. झिम्मा, फुगडी, पिंगा, काटवटकणा, घागर घुंगविणे हे खेळ काय आहेत? पंचमीच्या आणि गौरीच्या दिवसांत बायका रात्र रात्र नाचतात, उड्या मारतात, एकमेकींचे हात धरून गरगर फिरतात, गाण्यांतून सासरच्या माणसांची मनसोक्त टर उडवितात, आणि सकाळी दमलेल्या असूनही चेहरे उजळलेले असतात. ह्यात आपखुशी आहे, सोबत आहे, दम लागणे आहे, हसणे आहे. वर सांगितलेले सगळे गुण ह्या खेळांत आहेत, आणि त्यास पैसा लागत नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांपैकी काहींनी सणाशी संबंध म्हणून हे खेळ सोडले. सण कोणी पाळावा आणि कोणी पाळू नये हा वेगळा प्रश्न आहे, व त्यात आज शिरत नाही. पण फुगडी ही काही पूजा नव्हे. सणाबरोबर खेळही टाकला, आणि त्याच्या जागी दुसरे काही दिले नाही, तर आपण आपल्या बहिणींस वर्षातील त्या चार मोकळ्या रात्रींसही मुकविले असे होते. आमचे मत असे की, बायकांच्या सभेनंतर अर्धा तास मंदिराच्या आवारात झिम्मा-फुगडी खेळण्यास काही हरकत नाही. गाणी त्यांची त्याच रचतील. कोणा वडील माणसास हे पोरकट वाटले, तर त्यांनी तेवढा अर्धा तास घरी जाऊन चूल पेटवावी.

तालमीत मारुती असतो म्हणून आमची मुले बिचकतात, असाही प्रश्न प्रचारकांकडून येतो. जोर-बैठका कोणत्याही एका धर्माच्या मालकीच्या नाहीत. ज्याचे मन घेत नसेल त्याने आपल्या परसात मेहनत करावी; पण चार मुलांनी मिळून करावी, एकट्याने नव्हे.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. आपल्या मंडळ्यांत कोणी खिन्न होऊन बसला म्हणजे दोन प्रकारचे उपदेशक त्याच्याकडे येतात. एक म्हणतो, “तुझा विश्वास कमी पडला.” दुसरा म्हणतो, “रिकामा बसतोस म्हणून असे होते. ऊठ, कामाला लाग.” दोघांचेही चुकते, आणि व्यायामाविषयी असले लेख वाचून दुसऱ्या प्रकारच्या उपदेशकांची संख्या वाढेल अशी आम्हांस भीती वाटते. ज्याचा पाय मोडला आहे त्यास धावावयास सांगणे हा व्यायाम नव्हे. खोल खिन्नतेत हात उचलणेही जड होते. तो आळस नव्हे, तो आजाराचाच भाग आहे.

ह्या बाबतीत पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एलीयाची कथा प्रचारकांनी पुन्हा वाचावी. इतका मोठा संदेष्टा, पण रतामाच्या झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. त्यास कोणी दटावले नाही, विश्वासाची परीक्षा घेतली नाही. प्रथम झोप मिळाली, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर; आणि त्यानंतर होरेबापर्यंतची लांब वाट. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चालणे त्यात आहे, पण ते सर्वांत शेवटी आहे. पौलानेही तीमथ्यास लिहिताना शरीराच्या कसरतीचा उपयोग मर्यादित सांगितला आहे. काहीच नाही असे म्हटलेले नाही. आम्ही पाळक लोक त्या वचनाचा उत्तरार्धच बहुधा बोलतो.

तर खिन्न माणसास “चाल” असे न सांगता “चल” असे म्हणावे, आणि आपण त्याच्याबरोबर जावे. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी पाणंदीच्या तोंडापर्यंत. बोलला तर ऐकावे, न बोलला तर मुकाट्याने चालावे. बरोबर चालताना माणूस जे बोलतो ते समोर बसवून विचारले असता बोलत नाही, असा आमचा अनुभव आहे. डोळ्यांस डोळा भिडत नाही म्हणून असेल.

पण काही चिन्हे दिसली तर चालण्यावर भिस्त ठेवू नये. दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, अन्न नाही, कशातही मन नाही. कानांत नसलेले आवाज येतात. मरणाची भाषा तोंडी येते, किंवा मनुष्य अकस्मात आपल्या वस्तू वाटू लागतो व देणी-घेणी मिटवू लागतो. अशा वेळी डॉक्टर गाठावा. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी गाठावा, त्यास एकटे सोडू नये, आणि घरातील कीटकनाशक व तणनाशक औषधे आधी दुसरीकडे हलवावी. ही शेवटची गोष्ट खेड्यात प्राण वाचविणारी आहे. अनावर झालेला क्षण पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो. त्या वेळेत हाताशी विष नसले म्हणजे माणूस हाती लागतो. केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात टेलिमानस नावाची व्यवस्था सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416 असा असून रात्री-बेरात्रीही तेथे विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. हा आकडा प्रत्येक प्रचारकाने मंदिराच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. मनाचा आजार दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशभर पाहणी केली, तीत प्रौढांपैकी शेकडा 10 ते 11 जणांस असा काही ना काही विकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळत नव्हता. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. दोन्ही बरोबर चालतात.

मल्लांविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ज्याने दहा-बारा वर्षे केवळ कुस्तीसाठी मेहनत केली, आणि दुखापतीने किंवा संसाराने ती एकाएकी सुटली, त्याचे मन पुष्कळदा अंगाआधी खचते. खुराक तोच राहतो, मेहनत राहत नाही. लोक “पैलवान” म्हणून हाक मारतात, आणि ती हाकच बोचू लागते. गावात असा कोणी असेल तर त्यास मुले शिकविण्यास बोलवावे. फार नको, आठवड्यातून दोन सायंकाळ पुरेत.

राहता राहिला प्रश्न, किती व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले प्रमाण असे आहे: प्रौढांनी आठवड्यातून निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, मुलांनी रोज एक तास. मध्यम श्रम कसा ओळखावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की पुरे. छातीचे दुखणे असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि फार दिवस अंथरुणावर असलेल्यांनी डॉक्टरांस विचारून आरंभ करावा. आणि ज्याचे अंग दिवसभराच्या तोडणीने मोडून आले आहे, त्याने सायंकाळी आणखी जोर काढू नयेत. त्यास व्यायामाहून विश्रांती अधिक हवी. सवड सापडेल तेव्हा एखाद्या सोबत्याबरोबर नदीकाठी हळूहळू फिरून यावे, किंवा मुलांबरोबर हुतूतू, लंगडी, विटीदांडू खेळावे. आरंभी ज्या वडील माणसाचे बोलणे दिले, त्यास आमचे उत्तर हेच आहे: काका, तुमच्या अंगास श्रम पुरेसे आहेत. उणीव आहे ती अशा अर्ध्या तासाची, जो कोणाच्या हुकमाचा नाही, ज्यात सोबत आहे, आणि ज्याच्या शेवटी कोणी हिशेब मागत नाही.

ज्यांस हा पाठ मंडळीत घ्यावयाचा असेल, त्यांनी वाचून दाखविण्याऐवजी हे प्रश्न विचारून पाहावे. आपल्या गावात पुरुषांस मोकळेपणी जमावयास कोणती जागा आहे, आणि तेथे काय चालते, खेळ की पत्ते? बायकांस अशी जागा आहे काय? नसल्यास, आठवड्यातील कोणती वेळ त्यांस घरातून मिळू शकेल, आणि त्या वेळी घरचे काम कोण करील? आपल्या मंडळीतील कोणता मनुष्य गेल्या महिन्याभरात घराबाहेर दिसला नाही? उद्या सकाळी त्याच्या दारात कोण जाईल?